एकोणतीस तारखेचं पाणी

२९ एप्रिल, सोमवार

लिंबाचं झाड तोडणार म्हणे!

बाबाने न्योकीची, त्या उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्यांची, दुसरी वाढणी घेता घेता सांगितलं. आवाज असा, की जणू मिठाची बरणी पुढे कर म्हणतोय. "मागचं अंगण सगळं सिमेंट करून टाकतो. कोपऱ्यात भट्टी, वर पत्रा. रविवारी कारखान्यातली मंडळी मांस भाजायला येतील. चिखल गेला, पानं गेली, कटकट गेली."

"आणि लिंबू?"

"लिंबू भट्टीत."

आमचं अंगण म्हणजे सहा पावलं बाय सात पावलं. त्यात एक धुण्याचा दगड, एक दोरी आणि हे झाड. बारा महिने लिंबं देतं. एक फांदी भिंतीवरून झुल्माकाकूंकडे गेलीय, त्यामुळे त्यांनाही लिंबू विकत आणावं लागत नाही. मी वाचायला शिकले या झाडाखाली. आई दूर पायसांदू शहरात दुसऱ्या नवऱ्याकडे गेली, तेव्हा दोन दिवस तिथेच बसून होते. कॉलेज संपून तीन वर्षं झाली, अजून लिहायला तिथेच बसते. बाबाच्या लेखी हे काही कारण नाही.

पण त्याचंही अगदीच चुकत नाही. मागच्या जुलैत त्या चिखलात तो आडवा झाला. गुडघा अजून दुखतो.

मी म्हटलं, दोन महिने दे. हे अंगण कामाचं आहे हे दाखवून देते. आपल्या घरातून रस्त्यावरच्या कचरापेटीत आठवड्याला एकच पिशवी जाईल, बाकी सगळं मी घरातच जिरवीन. आणि झाड असं टवटवीत करीन की तूच कुऱ्हाड लपवशील.

बाबा हसला. "पिशवी एक आणि झाड हिरवं. दोन्ही पाहिजे हं, नोए. एक चुकलं की विल्सनला बोलावणार." विल्सन म्हणजे कोपऱ्यावरचा गवंडी. "मला पाय ठेवायला कोरडी जागा हवी. बाकी तू आणि तुझं झाड."

हात मिळवले. मग बाबाने खिशातून खडू काढला आणि स्वयंपाकघराच्या दारावर लिहिलं – २९ जून. कातड्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली माणसाने. तिथे कातड्यांच्या प्रत्येक थप्पीवर तारीख टाकायची असते. निवृत्त झाला तरी हात थांबत नाही. जॅमच्या बरणीवर तारीख, गॅसच्या टाकीवर तारीख. माझ्या वाढदिवसाच्या केकच्या डब्यावरसुद्धा.

न्योकी झकास होते. ताटाखालची नोट दोघांनी परत खिशात घातली. दर महिन्याच्या एकोणतीसला घरोघरी न्योकी, आणि आमच्या ताटाखाली तीच नोट. पुढचा महिना भरभराटीचा जावा म्हणून ठेवायची. नोट पिवळी पडली, भरभराट यायचीय.

३० एप्रिल, मंगळवार

आठवड्याचा कचरा ओट्यावर पसरून मोजला. तीन पिशव्या. त्यातली दीड पिशवी नुसती यर्बाची ओली पत्ती! बाबा हा कडू चहा दिवसाला दोन थर्मास पितो. नळी तोंडात, पत्ती भरलेला पोकळ भोपळा हातात, गरम पाण्याचा थर्मास काखेत. हा माणूस झोपेतच तेवढा थर्मासशिवाय असतो.

"याच्यावर बोलायचं नाही," तो म्हणाला. "बाकी काय ते मोज."

३ मे, शुक्रवार

भाजीवाल्याकडून लाकडी खोकी आणली, तळाला भोकं पाडली, झाडाजवळ विटांवर ठेवली. खताची सोय झाली. गांडुळं मात्र कुठे मिळेनात. शेवटी खाडीवर गेले. तिथे गळाला लावायची गांडुळं डब्यातून विकतात.

विकणारा म्हणाला, "काय धरणार पोरी? मोठा मासा?"

"बटाट्याची सालं."

त्याने अर्धा डबा फुकट दिला. दया आली असावी.

५ मे, रविवार

बाबाच्या दोन जुन्या पँटींच्या पाच पिशव्या शिवल्या. एका पिशवीला खिसा तसाच ठेवला, सुटे पैसे त्यात. रविवारच्या बाजारात त्याच घेऊन गेले. कांदेवाला ओरडला, "ही मिल्तोनची पँट ना? ओळखली की! मिल्तोन आता काय घालतो?" बाबा दोन गाळे सोडून उभा होता. ऐकू आलं नाही असं दाखवलं. त्याचे कान लाल झाले होते.

८ मे, बुधवार

सिमेंट आलं. आठ पोती. विल्सनने बोळात रचली, वर निळी ताडपत्री बांधली.

मी म्हटलं, "बाबा, अजून सात आठवडे आहेत."

"स्वस्त मिळालं. पडून राहील. ताडपत्री उघडू नकोस. ओल लागली की दगड होतो त्याचा."

आता संडासला जाता येता रोज ती आठ पोती बघायची. मुद्दाम केलंय.

१० मे, शुक्रवार

वास येतोय. खोक्यात यर्बा आणि सालं मिळून आंबूस लगदा झालाय. गांडुळं खोक्याच्या कडेवर येऊन बसलीत, सुटकेची वाट बघत.

झुल्माकाकू भिंतीवरून डोकावल्या. "नोएलिया, काय मेलंय गं?"

"काही नाही काकू. खत होतंय."

"होऊ दे. पण मेल्यावर तरी पुरा."

वाचून कळलं ते असं. ओलं फार झालं, कोरडं काहीच नाही. थराला थर कोरडी पानं हवीत. आणि इथे दक्षिण गोलार्धात मे म्हणजे शरद ऋतू, पानगळ! आमच्या मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ती उंच झाडं आहेत, हाताच्या पंजाएवढी पानं ढिगाने पडतात. पण झाडूवाले सकाळी सातला सगळी उचलून नेतात. मी उठते दहाला. माझं झेरॉक्सचं दुकान दुपारी उघडतं, त्याला मी काय करू?

गजर लावलाय साडेसहाचा.

११ मे, शनिवार

गजर वाजला. बंद केला.

१३ मे, सोमवार

कागदही कोरडाच की. दुकानातले रद्दी कागद आणून घातले, तर ते गुळगुळीत निघाले, ओलं शोषतच नाहीत. साधा कागद हवा. घरात साधा कागद म्हणजे माझी कादंबरी.

तिसरं प्रकरण काढलं. चाळीस पानं, सगळी स्वल्पविरामांवाचून, त्या वेळी मला ते फार थोर वाटायचं. संगणकात नाही, हाताने लिहिलेलं, एकच प्रत. फाडायला बसले. बारीक पट्ट्या. सुरुवातीला मजा आली, मग हात जरा हळू चालायला लागला.

बाबा यर्बा घेऊन दारात उभा. "ती कादंबरी होती ना गं?"

"होती. आता खत आहे. गांडुळं पहिले वाचक."

"सगळी फाडणार?"

"उद्या चौथं प्रकरण. गरज पडली तर पाचवं."

बाबाने भोपळा तोंडाजवळ नेला. नळी ओढत राहिला. पाणी संपलं होतं तरी.

१५ मे, बुधवार

कमाल आहे. काल चौथं प्रकरण घेऊन खोक्याशी गेले, तर वर चांगला चार बोटं थर कोरड्या पानांचा. आजही आहे. वाऱ्याने भिंतीवरून आणून टाकली असणार. वारा आपल्या बाजूने आहे! चौथं प्रकरण कपाटात परत.

कालपासून झुल्माकाकूंच्या मागच्या दारी खटखट चालू आहे. विल्सन त्यांची तुटकी पायरी आणि ओटा नवा करतोय. काकू मला बघून गालातल्या गालात हसल्या. पायरीचा आनंद एवढा?

१८ मे, शनिवार

नवीन प्रयोग. मसुरीच्या आमटीला एक उकळी आणली, गॅस बंद, भांडं वर्तमानपत्रात, मग लोकरी घोंगडीत गुंडाळून माझ्या पलंगावर. चार तास. बाबा दर अर्ध्या तासाने येऊन विचारी, "बाळ झोपलं का?"

उघडली तर मसूर लोण्यासारखी शिजलेली. वाफ निघत होती. बाबाने दोन बशा खाल्ल्या आणि म्हणाला, "मीठ कमी." म्हणजे आवडली.

२१ मे, मंगळवार

एक पिशवी! पहिल्यांदा. पेटीपर्यंत मिरवत नेली. यर्बा खोक्यात, सालं खोक्यात. दुधाच्या प्लॅस्टिक पिशव्या धुऊन त्यांत कोथिंबीर पेरली. कागद दाराच्या फटीत ठासला, वारा यायचा थांबला. लिंबाची सालं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, त्यानेच फरशी पुसते. घराला आता सॅलडचा वास येतो.

खोक्याचा वास पार गेला. खाली काळं, भुसभुशीत काहीतरी होतंय. मला हे जमतं!

२६ मे, रविवार

बाबा हल्ली पहाटेच फिरायला जातो. गुडघा दुखतो म्हणून जिना चढत नाही, आणि फिरायला तासभर. डॉक्टरने सांगितलंय म्हणे. आज आला तेव्हा त्याच्या टोपीवर एक मोठं पिवळं पान. काढून खोक्यात टाकलं. "थेंबे थेंबे," मी म्हटलं. "हं," तो म्हणाला आणि न्याहारीला बसला.

ताडपत्रीखाली नऊ पोती वाटतायत. विल्सनने अजून एक आणलं असेल. आणू दे. मी जिंकणार.

२९ मे, बुधवार

माझ्या डोक्यातून कधी कधी फार सुंदर गोष्टी निघतात.

वाचनालयातल्या माहितीपत्रकात होतं – बटाटे, भात, पास्ता शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका. त्यात सत्त्व असतं, गार करून झाडांना घाला. आणि आज एकोणतीस! आज गल्लीतल्या प्रत्येक घरात न्योकी उकळणार. प्रत्येक घरातून एक पातेलं पाणी मोरीत जाणार. चौदा घरं!

दुपारी बादल्या घेऊन दारोदार गेले. "काकू, न्योकीचं पाणी टाकू नका, मला हवंय." कुणी का म्हणून विचारलं नाही. या गल्लीत मी लेखिका म्हणून ओळखली जाते, त्यामुळे काहीही मागितलं तरी चालतं. रेमाकाकांनी तर न्योकीही चार घातले बादलीत, "तुझ्यासाठी" म्हणून.

अकरा बादल्या भरल्या. बोळात ओळीने ठेवल्या, गार व्हायला. बाबा बहिणीकडे जेवायला गेलाय. उद्या परत आला की झाड बघून थक्क होईल.

३० मे, गुरुवार

अकराही बादल्या घातल्या. झाड खूश दिसतंय.

४ जून, मंगळवार

पानांच्या कडा तपकिरी झाल्यात. थंडीने असेल.

५ जून, बुधवार

थंडीने नाही. सकाळी झाडाखाली पानांचा सडा. हिरवी पानं गळतायत, देठासकट. दोरीवरचे कपडे काढताना बाबाच्या अंगावर पाच पडली.

तो झाडाजवळ गेला. गुडघ्यावर हात ठेवून कसाबसा वाकला. बोटाने माती उकरली आणि बोट जिभेला लावलं.

"नोए, या झाडाला काय घातलंस?"

"न्योकीचं पाणी. सगळ्या गल्लीचं."

बाबाने डोळे मिटले. मग हळू आवाजात म्हणाला, "न्योकी शिजवताना पाण्यात काय घालतात?"

मी पंचवीस वर्षांची आहे. पदवी आहे माझ्याकडे. दर महिन्याच्या एकोणतीसला, आयुष्यभर, मी बाबाला त्या पाण्यात मुठीने मीठ टाकताना पाहिलंय.

"मीठ," मी म्हटलं.

"चौदा घरांचं," बाबा म्हणाला.

आत जाऊन रडले. मग रागाने झुल्माकाकूंकडे गेले. "काकू, तुम्ही तरी बोलायचं!"

"अगं, मला वाटलं तू फरशी धुणार आहेस! सगळ्यांना तेच वाटलं. रेमाला वाटलं तू डुक्कर पाळलंयस."

५ जून, परत

हरले. एक पिशवी जमली, पण झाड मीच मारलं. सिमेंट तरी हळूहळू मारतं.

६ जून, गुरुवार

सकाळी बाबा माझ्या दारात. मी अजून पांघरुणात.

"ऊठ. कारखान्यात कातडं यायचं ते मिठात घातलेलं. एवढं खारट की हाताला चिरा पडायच्या. आम्ही काय ते फेकून द्यायचो?"

"मग काय करायचात?"

"तीन पाणी. पहिल्यात मीठ सुटतं. दुसऱ्यात निघतं. तिसऱ्या पाण्यात कातडं मऊ होतं, मग कळतं वाचलं की नाही. प्रत्येक पाण्यानंतर थांबायचं. घाई केली की वाया." त्याने खडू काढला, भिंतीवर तीन रेघा मारल्या. "साबणाचं पाणी नको. गोडं, स्वच्छ आणि भरपूर."

"भरपूर? बाबा, मी आंघोळसुद्धा अर्ध्या बादलीत करतेय. नळ सोडून ठेवू आता?"

"ते तू बघ. पैज तुझी."

म्हणजे पैज चालू आहे!

७ जून, शुक्रवार

परत दारोदार. या वेळी सगळं समजावून सांगितलं. गरम पाणी यायच्या आधी नळातून जे गार पाणी वाया जातं, ते. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं. पावसाचं, छपरावरून पडणारं. "आणि मीठ?" प्रत्येकाने विचारलं. प्रत्येकाने! एकूण एक! रेमाकाकांनी दोनदा.

९ जून, रविवार

पहिलं पाणी. सव्वीस बादल्या! मी दोन हातांत दोन, झुल्माकाकू भिंतीवरून देणार, मी घेणार. त्यांच्या नव्या पायरीवर उभं राहिलं की त्यांचा हात बरोबर भिंतीवर पोचतो. रेमाकाका ढकलगाडीतून पिंप घेऊन आले. बाबा स्टुलावर बसून सांगत होता, "सावकाश. बुडाशी नाही, जरा लांब. तिथे मुळांची तोंडं असतात." थर्मास काखेत.

पाऊसही यायला लागला, बारीक. काकूंनी लगेच तेल तापवलं, तळलेल्या पोळ्या केल्या. पाऊस आला की तळलेली पोळी, हा इथल्या घराघरातला नियमच. चिखलात उभ्याने खाल्ल्या. बाबा घसरला, पण मी धरला.

"बघ," तो म्हणाला. "कोरडी जागा हवी."

१२ जून, बुधवार

अजून पानं गळतायत. मोजणं सोडून दिलं.

खोक्यात पानांचा थर मात्र रोज ताजा असतो. वारा थकत नाही.

१६ जून, रविवार

दुसरं पाणी. बाबाने परत माती चाखली. तोंड वाकडं केलं, पण कमी वाकडं.

पिशवी याही आठवड्यात एकच. अर्धीच म्हणा. जुन्या चादरीची फडकी केली, कागदी रुमाल बंद झाले. बाबाला दाढीचा फेस पुसायला माझ्या लहानपणच्या चादरीतला ससा छापलेला तुकडा मिळाला. तक्रार नाही.

२३ जून, रविवार

तिसरं पाणी. बाबाने चाखली, बराच वेळ विचार केला, मग म्हणाला, "माती."

"म्हणजे?"

"म्हणजे मातीसारखी लागते. मीठ गेलं."

आता झाडाचं काय ते झाडालाच माहीत. वरची अर्धी बाजू उघडी पडलीय. खालच्या फांद्यांवर पानं आहेत. सात लिंबं अजून धरून आहेत. ऐन थंडीत नवी पालवी कुठून येणार?

२६ जून, बुधवार

विल्सन आला होता. बाबाशी अंगणात पावलं मोजत काहीतरी बोलत होते. मी खिडकीपाशी गेले की गप्प. विल्सनने जाताना मला विचारलं, "झाड कसंय?" जसं दवाखान्यात विचारतात.

२९ जून, शनिवार

आज निकाल.

दुपारी न्योकी. बाबानेच केले, नेहमीसारखे. नोट ताटाखाली. पहिला घास घेतला आणि दोघंही थांबलो. अळणी. पूर्ण अळणी.

"बाबा, मीठ विसरलास?"

"नाही. म्हटलं, तू परत पाणी मागायला आलीस तर."

"मी तुझ्याच घरात राहते!"

"तरी."

तेवढ्यात झुल्माकाकू भिंतीवरून, "नोएलिया, पातेलं घेऊन ये! या वेळी बिनमिठाचं आहे!" मग रेमाकाकांच्या मुलीचा फोन. मग समोरच्या घरातून हाक. चौदाही घरांनी आज अळणी न्योकी केले. सगळ्या गल्लीने. कुणी कुणाशी बोललं नव्हतं. मी पातेली गोळा करत फिरले आणि प्रत्येक दारात माणसं वरून मीठ भुरभुरत तोंड वाकडं करून खात होती. रेमाकाका म्हणाले, "एवढे वाईट न्योकी मी लष्करातही खाल्ले नाहीत. झाड वाचलं नाही ना, तर बघच."

परत आले. पाणी गार करायला ठेवलं. बाबासमोर बसले. आता तो काय म्हणणार ते मला माहीत होतं, असं वाटत होतं.

"पिशवी?" त्याने विचारलं.

"एक. सहा आठवडे एकच."

"बरोबर. झाड?"

दोघांनी खिडकीतून पाहिलं. अर्धं उघडं झाड. खोटं कसं बोलणार?

"हिरवं नाही," मी म्हटलं.

"नाही," बाबा म्हणाला. "दोन्ही पाहिजे ठरलं होतं. ठरलं ते ठरलं. सोमवारी सकाळी विल्सन येतोय."

मी मान हलवली. दारावरची तारीख त्याने ओल्या फडक्याने पुसली. फडकं सशाचं होतं.

रागवावं असं वाटलं, पण जमेना. त्याच्या गुडघ्याचा आवाज येतो उठताना. आणि शब्द दिला होता.

३० जून, रविवार

झाडाला शेवटचं पाणी घातलं. चौदा घरांचं, बिनमिठाचं. एवढं सगळ्यांनी अळणी खाल्लं, ओतून कसं देऊ? मग ठरवलं, हरायचं तर नीट हरायचं. विल्सन यायच्या आधी सिमेंट अंगणात नेऊन ठेवते, बाबाला उचलावं लागू नये. तो बाजारात गेला होता. ताडपत्री सोडली. दहा पोती. पहिल्याला दोन्ही हात घातले, पाय रोवले, जोर लावला आणि मागे पडता पडता वाचले.

उशीसारखं हलकं.

तोंड सोडलं. पानं! रस्त्यावरची, पंजाएवढी, कोरडी, ठासून भरलेली. दुसऱ्यातही पानं. तिसऱ्यातही. झुल्माकाकूंची पायरी कुणाच्या सिमेंटची, ते आता कळलं. प्रत्येक पोत्यावर खडूने तारीख – २० जून, ११ जून, २ जून. सगळ्यात मागचं, सगळ्यात जुनं ओढून काढलं. १४ मे.

ही वही मागे उलटली. तेराला मी तिसरं प्रकरण फाडलं होतं.

नऊ पोती पानांची. दहावं मात्र खरंच जड, खरंच सिमेंट. त्याच्यावर तारीख नाही, बाबाच्या अक्षरात एकच ओळ – दारापासून लिंबापर्यंत, पायवाट.